खिडकी गोठते आहे: ओसीआर, पार्श्वभूमीतले थ्रेड आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग'

निळीशाई

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी मासिकं आणि दिवाळी अंक गठ्ठ्यांनी पडून आहेत. काहींची पानं नुसती उलटली तरी कडा झडतात. आम्ही चार-पाच जण मिळून ती स्कॅन करतो आणि मजकुरात शोध घेता यावा म्हणून टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करतो. मराठीची भाषा-फाइल लावली तर जोडाक्षरांसकट बऱ्यापैकी मजकूर हाती येतो.

बाकीच्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला सांगणं शक्य नाही, म्हणून पायथन आणि पायसाइड ६ (क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या टूलकिटचं पायथन रूप) वापरून छोटं डेस्कटॉप ॲप लिहिलं. फोल्डर निवडा, 'सुरू करा' दाबा, वर 'अमुक पान चालू आहे' असं लेबल, खाली पानांची लघुचित्रं. बस.

अडचण ही की 'सुरू करा' दाबलं की खिडकी गोठते. लेबल बदलत नाही, थोड्या वेळाने शीर्षकात 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि खिडकी पांढुरकी होते. काम आत व्यवस्थित चालू असतं, पण समोरच्याला ते कसं कळणार? तो वैतागून फुली दाबतो आणि अर्धं झालेलं काम जातं.

मधे मधे 'प्रोसेस-इव्हेंट्स' बोलावून पाहिलं, तर खिडकी आचके देत चालते. वेगळ्या थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या कामाच्या ओळीत) काम टाकून तिथूनच लेबल बदललं, तर कधी चालतं आणि कधी ॲप एकही त्रुटी न दाखवता गायब होतं. मशीन वाचनालयातलंच: विंडोज १०, चार कोअर, ८ जीबी रॅम. योग्य रचना कशी करावी?

---

जुनाखिलाडी

आधी खिडकी गोठते म्हणजे नेमकं काय होतं ते बघा.

विंडोजवर प्रत्येक खिडकी कुठल्या तरी एका थ्रेडच्या मालकीची असते आणि त्या थ्रेडला संदेशांची एक रांग असते. माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडला, टायमरची वेळ झाली, सगळं त्या रांगेत येऊन पडतं. प्रोग्राम गोल गोल फिरत एकेक संदेश उचलतो आणि ज्याचा त्याला देतो. क्यूटीत शेवटी 'ॲप.एक्झेक' लिहिता तेव्हा हाच फेरा सुरू होतो.

तुमच्या बटणावरचा क्लिक हाही त्यातलाच एक संदेश. तो हाताळताना तुम्ही अख्ख्या अंकाचं ओसीआर करायला बसलात, म्हणून पुढचे सगळे संदेश मागे खोळंबले. लेबलातला मजकूर बदललेला असतो बरं का, पण 'पुन्हा रंगवा' हा निरोपही त्याच रांगेत पडलेला असतो.

असं ५ सेकंद कुणी रांगेकडे फिरकलं नाही की विंडोज त्या खिडकीला अडकलेली ठरवतं. एक्सपीपासून पुढे तर ते मूळ खिडकी लपवून त्याच जागी, त्याच आकाराची दुसरीच खिडकी उभी करतं. पांढुरकं दिसतं ते तुमचं ॲप नव्हेच, तो तोतया आहे. त्याला हलवता येतं, लहान करता येतं, बंद करता येतं. बाकी काही नाही.

'प्रोसेस-इव्हेंट्स' म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकमधल्या 'डू-इव्हेंट्स'चा सख्खा भाऊ. काम चालू असताना मधेच थांबून रांग उपसायची. पण एकेका पानाला टेसरॅक्ट काही सेकंद घेणार आणि तेवढ्या वेळात तुम्ही ते बोलावूच शकत नाही, म्हणून आचके. दुसरा धोका मोठा आहे. उपसताना रांगेत पुन्हा 'सुरू करा'चा क्लिक निघाला तर पहिली फेरी अर्धवट असतानाच तिच्या पोटात दुसरी सुरू होते.

---

चहाबाज

डू-इव्हेंट्सचं नाव काढलंत आणि जुनी दुखणी वर आली. ठिगळ लावायचंच असेल तर आधी बटण निष्क्रिय करा, एवढंच सांगून मी खाली बसतो. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

पाटीवरपेन्सिल

क्यूटीवर पोट भरते, म्हणून लांबलचक लिहिते आहे. कंटाळा आला तर सरकवा.

ॲप गायब होतं त्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: दुसऱ्या थ्रेडमधून लेबल बदललं. क्यूटीत विजेटला (लेबल, बटण अशा खिडकीतल्या घटकाला) फक्त मुख्य थ्रेडने हात लावायचा. दुसऱ्याने लावला तर काय होईल याची हमी कुणीच देत नाही. तुमच्या मशीनवर चालेल, वाचनालयातल्या मशीनवर कोसळेल. त्रुटीचा संदेश येत नाही, कारण घोळ पायथनच्या खाली, सी++ मध्ये होतो.

रचना अशी करा. क्यूऑब्जेक्टपासून एक कामकरी वर्ग बनवा, त्याला 'पान झालं', 'त्रुटी आली', 'सगळं संपलं' असे सिग्नल (निरोप) द्या. एक क्यूथ्रेड बनवा, कामकऱ्याला 'मूव्ह-टू-थ्रेड'ने तिकडे हलवा आणि थ्रेडचा 'स्टार्टेड' सिग्नल कामकऱ्याच्या स्लॉटला (सिग्नल आला की चालणाऱ्या मेथडला) जोडा. सिग्नल एका थ्रेडमधून सुटला आणि घेणारा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडचा असेल तर क्यूटी तो थेट बोलावत नाही, घेणाऱ्याच्या रांगेत टाकतं. वर जुनाखिलाडींनी सांगितलेली हीच ती रांग. म्हणजे लेबल शेवटी मुख्य थ्रेडच बदलतो, त्याच्या सवडीने. तुम्हाला एकही कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा अडसर) लिहावं लागत नाही.

आता यातले खड्डे.

कामकऱ्याला जनक ऑब्जेक्ट दिलात तर तो हलवता येत नाही. हलवल्यावर त्याची मेथड तुम्ही खिडकीच्या कोडमधून साधी नाव घेऊन बोलावलीत तर ती मुख्य थ्रेडवरच चालते. ऑब्जेक्ट तिकडे राहायला गेला म्हणून फंक्शन आपोआप तिकडे चालत नाही, सिग्नलनेच बोलवायचं. आणि क्यूथ्रेड हा ऑब्जेक्ट स्वतः नव्या थ्रेडमध्ये राहत नाही, ज्याने त्याला जन्म दिला त्या थ्रेडमध्ये राहतो. क्यूथ्रेडचा उपवर्ग करून त्यातच स्लॉट लिहिले तर ते जुन्याच थ्रेडमध्ये धावतात. हा प्रकार इतका पसरलेला आहे की नव्या माणसाचं कोड तपासताना मी आधी तिथेच बघते.

लघुचित्रांबद्दल: क्यूपिक्समॅप, म्हणजे पडद्यावर रंगवायचं चित्र, मुख्य थ्रेडपुरता. पार्श्वभूमीत चित्र उघडणं, लहान करणं हे क्यूइमेजवर करा, ती सिग्नलमधून पाठवा आणि पिक्समॅप इकडे आल्यावर बनवा.

---

वाचनमात्र

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण या विषयातली पीडित व्यक्ती म्हणून लिहिते. आमच्या कचेरीत पावत्यांचं एक सॉफ्टवेअर आहे. 'छापा' दाबलं की काहीच घडत नाही. म्हणून माणूस पुन्हा दाबतो. मग एकदम तीन पावत्या निघतात आणि तिन्हींचे क्रमांक वेगळे! हे तेच का? आणि ती रांग एकच आहे तर दुसरा माणूस ठेवायला काय होतं?

---

जुनाखिलाडी

वाचनमात्र ताई, हो, तेच. तुमचे तिन्ही क्लिक रांगेत शिस्तीत उभे होते, सॉफ्टवेअर मोकळं झाल्यावर त्याने तिन्ही इमानेइतबारे पार पाडले. पंगतीत वाढपीच भाकऱ्या थापायला बसला तर पानावरचे लोक 'मीठ, मीठ' ओरडत राहणार. उपाय: भाकऱ्यांना वेगळा माणूस, पण पंगतीत वाढायला येणारा एकच. दोघे वाढायला लागले तर एका पानावर दोनदा कोशिंबीर आणि दुसरं कोरडं.

तीन पावत्यांचा प्रश्न मात्र नुसत्या थ्रेडने सुटत नाही. पहिल्या क्लिकच्या क्षणीच बटण बंद करून 'छपाई सुरू आहे' असं दाखवायला हवं होतं. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं यावर निबंध लिहिला होता, जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तेच आकडे सोपे करून मांडले: ०.१ सेकंदात घडलं तर माणसाला ते लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची तार तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. काम दहा मिनिटं चालो, पण 'तुमचं ऐकलं' ही पोच ०.१ सेकंदात मिळायलाच हवी.

---

अर्धविराम

ताईंचा दुसरा प्रश्न, दोन माणसं का नाहीत, हा भाबडा नाही. मोठमोठ्यांनी ते करून पाहिलं आहे. बीओएस नावाच्या कार्यप्रणालीत प्रत्येक खिडकीला स्वतंत्र थ्रेड होता. जावाच्या एडब्ल्यूटी या टूलकिटमध्येही सुरुवातीला अनेक थ्रेडांनी हात लावला तरी चालेल असा विचार होता. पुढे जावाचंच स्विंग आलं ते 'इव्हेंट डिस्पॅच थ्रेड एकच' हा नियम घेऊन. सन कंपनीतल्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये या फसलेल्या स्वप्नावर छान टिपण लिहिलं होतं.

त्यांचा मुद्दा साधारण असा. माउसची घटना खालून वर येते: कार्यप्रणाली, मग टूलकिट, मग तुमचं कोड. 'हे रंगव' ही आज्ञा वरून खाली जाते: तुमचं कोड, टूलकिट, कार्यप्रणाली. प्रत्येक थराला स्वतःचं कुलूप असेल तर एक थ्रेड कुलपं खालून वर घेत येतो आणि दुसरा वरून खाली. मधे कुठेतरी दोघे एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसतात. टूलकिट लिहिणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी वापरणारा प्रोग्रामर कुलपांचा क्रम पाळेलच असं नाही. जीटीके या टूलकिटमध्येही बाहेरून घ्यायचं एक जागतिक कुलूप होतं, ते ३.६ आवृत्तीत कालबाह्य ठरवलं. आता तिथेही 'आयडल-ॲड'ने मुख्य फेऱ्यात निरोप टाकायचा.

म्हणून स्विंगमध्ये 'इन्व्होक-लेटर', डॉटनेटमध्ये 'बिगिन-इन्व्होक', टीकिंटरमध्ये रांग आणि ती अधूनमधून तपासणारं 'आफ्टर'. नावं वेगळी, निरोपाची पद्धत तीच.

अवांतर: डॉटनेटवाल्यांनी असिंक-अवेट आल्यापासून हे कोड सरळ लिहिता येतं म्हणून खुश व्हावं, पण मुख्य थ्रेडवरून टास्कच्या '.रिझल्ट'वर थांबू नये. टास्कचं उरलेलं काम मुख्य थ्रेडवर परतायची वाट बघतं आणि मुख्य थ्रेड टास्क संपायची. खिडकी कायमची गोठते.

---

तळटीप

सगळं बरोबर, पण कुणी धागाकर्त्याचं काम नक्की काय आहे ते पाहिलं का?

पायथनमधून टेसरॅक्ट बोलावणारं पायटेसरॅक्ट स्वतः ओसीआर करत नाही. ते चित्र तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, टेसरॅक्ट हा वेगळा प्रोग्राम चालवतं आणि तो संपायची वाट बघतं. म्हणजे तुमचा महागडा कामकरी थ्रेड नुसता बसून असणार. त्यासाठी थ्रेडच कशाला? क्यूटीत क्यूप्रोसेस आहे. त्याला टेसरॅक्टचा पत्ता, चित्राची फाइल, भाषा 'मार' (मराठीचा कोड) आणि निकाल थेट आउटपुटवर टाकायला सांगा, 'फिनिश्ड' सिग्नल जोडा आणि परत या. मुख्य थ्रेड मोकळा, कामकरी वर्ग नाही, सामायिक डेटा नाही. एक पान संपलं की त्याच स्लॉटमधून पुढचं सुरू.

चार कोअर आहेत म्हणून एकदम चार टेसरॅक्ट सोडायचे असतील तर एक गोष्ट आधी करा. टेसरॅक्ट ४ पासून एकेक प्रोसेस आतल्या आत ओपनएमपीचे चारपर्यंत थ्रेड काढते. चार गुणिले चार करून जुनं मशीन धापा टाकेल. 'ओएमपी थ्रेड लिमिट' हा पर्यावरण-चल १ वर ठेवा. मी एकाच वेळी तीनच सोडेन, चौथा कोअर खिडकीसाठी आणि बाकीच्या मशीनसाठी.

थ्रेड लागेल तो ओसीआरच्या आधी, पान सरळ करणं, डाग काढणं यासाठी. तिथे पायथनचं जागतिक कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं जीआयएल, आडवं येतं. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचं फंक्शन आत गेल्यावर जीआयएल सोडतं, त्यामुळे ते कामकरी थ्रेडमध्ये सुखाने चालतं. पण पिक्सेलागणिक पायथनचा लूप लिहिला असेल तर तो जीआयएल धरून बसतो. मुख्य थ्रेडने मागितलं तरी ठरलेल्या मुदतीनंतरच, डिफॉल्ट ५ मिलिसेकंद, त्याला सोडायला सांगितलं जातं. ६० हर्ट्झच्या पडद्याला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात दोन-तीनदा अशी वाट बघावी लागली की खिडकी गोठत नाही, पण चिकट लागते. पायथन ३.१३ मध्ये जीआयएलशिवायची आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, पण वाचनालयाच्या मशीनवर तो खेळ नको.

---

पाटीवरपेन्सिल

क्यूप्रोसेसशी सहमत, ते माझ्या उत्तरापेक्षा बरं आहे. एवढंच म्हणेन की पानाची साफसफाई, ओसीआर, डेटाबेसमध्ये नोंद अशी साखळी झाली की सिग्नलांमागे सिग्नल लावून कोड वाचणाऱ्याची दमछाक होते. तीन पायऱ्यांच्या पुढे साखळी गेली तर मी एका कामकरी थ्रेडमध्ये सरळ रेषेत लिहिलेलं कोड घेईन. थ्रेड नुसता बसून राहिला तर त्याचा खर्च फारसा नसतो.

---

तळटीप

मान्य नाही. सरळ रेषेतलं कोड 'रद्द करा' येईपर्यंतच सरळ असतं.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार, एवढं खोलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. क्यूप्रोसेसने ओसीआर आणि कामकरी थ्रेडमध्ये ओपनसीव्ही अशी रचना केली. आता काम चालू असताना खिडकी हलते, लेबल पानागणिक बदलतं, काल एकाने मधेच खिडकी लहान करून दुसरं काम केलं.

दोन गोष्टी उरल्या. मोठं फोल्डर उघडलं की लघुचित्रं येताना अजूनही खिडकी अडकते. चित्रं क्यूइमेजमध्ये पार्श्वभूमीतच बनतात, तरीही. आणि तळटीप म्हणतात ते 'रद्द करा' कसं करायचं? मजकूर एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे अर्धवट नोंदींची भीती वाटते.

---

पाटीवरपेन्सिल

लघुचित्रांसाठी लिस्ट-विजेट वापरून प्रत्येक पानाचा आयटम भरत असाल. हजार चित्रं तयार झाली की हजार सिग्नल येतात, आणि प्रत्येकावर मुख्य थ्रेड आयटम टाकतो आणि मांडणी पुन्हा हिशेबात घेतो. काम मागे ढकललं, पण निरोपांचा पूर पुढे आला. इथे आणखी थ्रेड लावून काहीच साधणार नाही.

लिस्ट-व्ह्यू आणि त्याला ओळींची माहिती पुरवणारं स्वतःचं मॉडेल वापरा. व्ह्यू दिसत असलेल्या ओळीच रंगवतो, तेवढ्यांचंच चित्र बनवा. 'कॅन-फेच-मोअर' आणि 'फेच-मोअर' लिहिलेत तर ओळीही हप्त्याहप्त्याने येतात. निरोप गोळा करून टायमरने एकत्र लावा, सेकंदाला दहा वेळा पुरे. माणसाचा डोळा त्याहून जास्त आकडे वाचत नाही.

---

जुनाखिलाडी

'रद्द करा'बद्दल. थ्रेड बाहेरून ठार मारायचा नाही, हा नियम विंडोज, जावा, क्यूटी सगळीकडे सारखा. मरताना त्याच्या हातात एखादं कुलूप असेल तर ते कायमचं लागलेलं राहतं. जावाने 'थ्रेड.स्टॉप' १९९८ मध्येच कालबाह्य ठरवलं. थ्रेडला विनंती करायची: 'रिक्वेस्ट-इंटरप्शन' म्हणा आणि कामकऱ्याने प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ती विनंती आली का ते बघून स्वतःहून परतायचं.

टेसरॅक्ट वेगळी प्रोसेस असल्याने तिथे मात्र मारता येतं, ती मेली तरी तुमची मेमरी शाबूत राहते. विंडोजवर क्यूप्रोसेसचं 'टर्मिनेट' उपयोगाचं नाही, ते खिडक्यांना बंद व्हायचा संदेश पाठवतं आणि टेसरॅक्टला खिडकीच नाही. 'किल' वापरा.

फुली दाबल्यावरही हेच. बंद होण्याच्या घटनेत विनंती, मग 'क्विट', मग 'वेट'. हे न करता क्यूथ्रेड ऑब्जेक्ट नष्ट झाला तर 'थ्रेड चालू असताना नष्ट केला' अशी तक्रार करून ॲप कोसळतं. पण 'वेट' मुख्य थ्रेडला अडवतं हेही ध्यानात ठेवा. कामकऱ्याला एका पानाला दहा सेकंद लागत असतील तर आधी खिडकी लपवा, मग थांबा.

---

तळटीप

एसक्यूलाइट: पायथनचं मॉड्यूल एका थ्रेडमध्ये उघडलेलं कनेक्शन दुसऱ्यात वापरू देत नाही, लगेच त्रुटी फेकतं. ती तपासणी बंद करायचा पर्याय आहे, तो निवडू नका. लिहिणारा एकच ठेवा, त्याचं कनेक्शन त्याच्याच थ्रेडमध्ये उघडा. शोधासाठी मुख्य थ्रेडचं वेगळं कनेक्शन. 'वॉल' पद्धत चालू केलीत तर लिहिणं चालू असताना वाचणारा अडत नाही. एक पान म्हणजे एक व्यवहार, मजकूर आणि 'हे पान झालं' ही खूण एकाच कमिटमध्ये. मग रद्द करा, वीज जाऊ द्या, पुन्हा सुरू केल्यावर खूण नसलेल्या पानापासून पुढे.

आणि खिडकी पुन्हा कुठे अडकली तर अंदाज बांधत बसू नका. पायथनच्याच 'फॉल्टहँडलर'मध्ये ठरावीक वेळाने सगळ्या थ्रेडांचा माग छापायची सोय आहे. मुख्य थ्रेडवर अर्ध्या सेकंदाचा टायमर लावून तो प्रत्येक वेळी ही मुदत दोन सेकंदांनी पुढे ढकलत राहू द्या. मुख्य थ्रेड अडकला की ढकलायला कुणी नसेल आणि माग आपोआप छापला जाईल, अडकलेल्या ओळीसकट. बरेचदा दोषी निघतं ते जड काम नव्हे, नेटवर्कवरच्या बंद पडलेल्या ड्राइव्हवर 'ही फाइल आहे का' असं विचारणारी एक ओळ.

---

निळीशाई

फॉल्टहँडलरने एका मिनिटात पकडलं! मॉडेलमध्ये लघुचित्र आहे का ते बघायला मी प्रत्येक ओळीसाठी डिस्कवर विचारत होतो, आणि फोल्डर कपाटाशेजारच्या नेटवर्क डिस्कवर आहे. ती यादी आता फोल्डर उघडताना एकदाच, पार्श्वभूमीत बनवतो.

शेवटचा प्रश्न. डाग काढण्याचा एक भाग शुद्ध पायथनमध्येच आहे, तो मल्टिप्रोसेसिंगने वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकला. माझ्याकडे उत्तम चालतो. पायइन्स्टॉलरने एक्सई बनवून वाचनालयात नेला तर 'सुरू करा' दाबल्यावर ॲपच्या खिडक्यांवर खिडक्या उघडत गेल्या, शेवटी मशीन बंद करावं लागलं.

---

तळटीप

विंडोजवर नवी प्रोसेस तुमचाच एक्सई पुन्हा सुरू करून बनते. तिला 'तू कामकरी आहेस' हे कळलं नाही तर ती बापडी पहिल्यापासून खिडकी उघडते. खिडकी बनवणारं सगळं कोड 'मेन'च्या पहाऱ्याआड (फाइल मुख्य प्रोग्राम म्हणून चालली तरच पुढचं चालवायचं, या अटीआड) न्या आणि त्या पहाऱ्यातली पहिली ओळ मल्टिप्रोसेसिंगचं 'फ्रीझ-सपोर्ट' ठेवा, क्यूॲप्लिकेशन बनवण्याच्याही आधी.

---

चहाबाज

शंभर खिडक्या, आणि एकही गोठलेली नाही. याला म्हणतात प्रगती.